मोबाइल माझ्या हातात होता

दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघणार होती. त्याआधी परभणीत रोबोटची स्पर्धा. माझ्या नववीतल्या एका मुलीला तिच्या बापानं माझ्यासमोर शब्द दिला होता, "नंबर आला तर ऱ्हा मावशीकडं, शीक. न्हाई तर चल फडात. तुझ्या मायची कंबर गेलीय, मोळ्या कोण बांधंल?"

पालमजवळच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी तिनंच बनवली होती. सुरुवातीला आम्ही ती मोबाइलवरून चालवून पाहिली. ती सोय काढायची राहून गेली. राहून कसली, मी राहू दिली.

आमच्या शाळेत शहाबादी फरशी, स्पर्धेच्या हॉलमध्ये चकचकीत. सरावात गाडी त्या चकाकीला बिचकली, वळणावर भरकटली.

"पिऊन आली का गं गाडी?" दुसऱ्या शाळेतली पोरं हसली.

"तुमच्यावाणी ढकलावी तर लागंना," ती म्हणाली आणि चपलेच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पट्टी ओळखणाऱ्या सेन्सरला आडोसा करत बसली. "सर, आता जाती बघा. तुमी नका काळजी करू."

मी केली.

एकदा सोडली की हात लावायचा नाही, गाडीनं आपलं आपण जायचं, असा नियम. व्हिडिओ काढत असल्यासारखा मी मोबाइल धरला होता. वळण आलं. धीर सुटला, गाडी वळवायला मोबाइलवर बटण दाबलं. त्याच क्षणी तिची चाकं आपणहून वळायला लागलेली मला दिसली. पण माझा हुकूम पोहोचला होता. गाडी पट्टी सोडून भिंतीकडे गेली. बाद.

येताना एसटीत ती गाडीच्या तारा तपासत बसली. पोखर्णी गेल्यावर म्हणाली, "माझंच चुकलं, सर."

"होतं असं," मी म्हणालो. एवढंच. खरं बोललो असतो तर कदाचित बापानं ऐकलं असतं. पण माझी नोकरी, माझी अब्रू.

निघायच्या आदल्या दिवशी ती गाडी परत द्यायला आली. "लय शोधलं, पण चूक कुठं हाय ते घावंना. तुमाला घावली तर सांगा."

उन्हाळ्यात टोळी परतली. बाजारात ती भेटली, हाताला घट्टे.

"सर, घावली का चूक?"

"नाही गं."

तिनं मान हलवली आणि आईच्या हातातली पिशवी घेतली. शाळेत ती पुन्हा आली नाही.