मंगलताई आणि तापवलेला संबळ

गिटारच्या कल्लोळात संबळ मिसळला की संस्कृती बुडते, असं तुम्हाला नक्की कोणी सांगितलं? मला सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यापैकी एकानेही संबळ कधी कमरेला बांधलेला नव्हता. मंगलताईंनी बांधला होता, म्हणून मी त्यांचं ऐकलं.

मंगलताई सटाण्याच्या, गोंधळ्यांच्या घरातल्या. संबळ म्हणजे शेजारी शेजारी बांधलेली दोन वाद्यं, एक लहान, एक मोठं, दोन काठ्यांनी वाजवायची. त्यातली एक काठी टोकाला वाकडी असते. चामडं गारठलं की आवाज बसतो, म्हणून आधी ते विस्तवावर शेकावं लागतं. ताई शेकता शेकता बोटाने टिचकी मारायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या आणि "उठला" म्हणायच्या. तो उठल्याशिवाय त्या कोणासाठीही जागेवरून हलत नसत. नवरदेव घोड्यावर खोळंबला तरी नाही.

बाईमाणसाने संबळ बांधायचा नाही, असं भावकी म्हणायची. त्यांचे वडील तात्या भावकीला म्हणायचे, "तिच्यापेक्षा मोकळा हात तुमच्या पोराचा असेल तर आणा. मी याच घडीला तिचा संबळ सोडवतो." कोणी आणला नाही.

माझी त्यांची भेट पंचवटीत झाली. माझ्या मैत्रिणीच्या लग्नानंतर त्या तिच्या माहेरी गोंधळ घालायला आल्या होत्या. मैत्रिणीचा भाऊ निखिल गिटार वाजवायचा. वडील यात्रेकरूंचे विधी करायचे आणि हा वरच्या खोलीत बँडची तालीम घ्यायचा. वडील जिन्यातून ओरडायचे, "अरे, खाली लोकांच्या बापाचं दहावं चाललंय!" निखिल पाच मिनिटं हळू वाजवायचा, पुन्हा सुरू.

गोंधळ संपल्यावर निखिलने ताईंच्या हातात फोन दिला. "ताई, एक ऐका. घाबरू नका."

फोनवर गिटार करवतीसारखी कापत होती, ड्रमवर दोन्ही पाय हाणत होते आणि एक माणूस पोटाच्या तळातून गुरगुरत होता. मध्येच व्हायोलिनसारखी एक फिडल नाचत शिरली. ताईंनी डोळे मिटले.

"याच्या तर अंगात आलंय. कोणत्या देवीचा भगत आहे?"

"फिनलंडचा आहे, ताई."

"मग तिकडच्या देवीचं नाव विचारून ठेव."

या संगीताला फोक मेटल म्हणतात. मेटल म्हणजे विजेवर फाडलेला गिटारचा आवाज, दणका आणि आरोळी. त्यात आपल्या मातीतलं वाद्य, आपली बोली, आपल्याकडच्या भुताखेतांच्या आणि लढायांच्या गोष्टी आणल्या की ते फोक मेटल. उत्तर युरोपातले बँड फिडल आणि बॅगपाइप घेऊन उभे राहतात. मंगोलियातले घोड्याच्या केसांच्या तारांचं वाद्य घेतात आणि एकाच गळ्यातून दोन सूर काढतात. कुठे दीड हजार वर्षांपूर्वी मेलेल्या भाषेत गातात. ही पोरं आपल्या आजोबांची वाद्यं संग्रहालयाच्या काचेमागे ठेवायला नकार देतात, एवढीच त्यांची बंडखोरी. मला ती पुरेशी वाटते.

निखिलने बँडमध्ये बोलावलं आणि मंगलताई दर रविवारी एसटीने तालमीला येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली. गाणं सुरू होण्याआधी नावं घ्यायची. गोंधळात देवीला तिच्या गावासकट हाक मारतात, अमक्या गावची आई, गोंधळाला ये. ताई म्हणायच्या, "देवालासुद्धा आम्ही पत्त्यासकट बोलावतो. नुसतं 'ए देव' म्हटलं तर कोण येईल?" मग त्या वाजवणाऱ्यांची नावं घ्यायच्या, गावासकट, वडिलांसकट. निखिल सुरुवातीला लाजायचा. पुढे पुढे तोही छाती काढून स्वतःचं नाव ठोकू लागला.

हिवाळ्यात विंचूरजवळच्या एका वायनरीच्या महोत्सवात बँडला बोलावणं आलं. इतका मोठा मंच आधी मिळाला नव्हता. मीही सोबत गेले. दारातच गुळगुळीत कागदावरची कार्यक्रमपत्रिका हातात पडली. गिटारपुढे निखिलचं नाव होतं, ड्रम आणि बास वाजवणाऱ्यांचीही होती. शेवटी छापलं होतं, 'लोकवाद्य साथ'.

ताईंनी ती ओळ दोनदा वाचली. संध्याकाळचा गारठा पडला होता, संबळ पार बसला होता. त्या म्हणाल्या, "विस्तव पाहिजे."

आयोजक धावत आला. "मॅडम, इथे आग अजिबात नको. आणि तालमीत रेकॉर्ड केलेला तुमच्या संबळाचा आवाज यांच्या लॅपटॉपवर आहे ना? तोच लावू. तुम्ही गेटवर उभ्या राहून पाहुण्यांचं स्वागत करा. नऊवारी आहेच, फोटो छान येतील."

ताई चिडल्या की अहिराणीत जायच्या. "मना हात नहीत तं मना आवाज बी नही," त्या म्हणाल्या. "त्या डब्बाम्हा काय शे?" माझे हात नाहीत तर माझा आवाजही नाही, त्या डब्यात काय आहे, असं त्यांचं म्हणणं.

आयोजकाने निखिलकडे पाहिलं. "समजवा यांना. नाहीतर पुढच्या बँडला चढवतो." निखिलचा चेहरा पडला. वर्षभर तो या मंचाची वाट पाहत होता. त्याने लॅपटॉप उघडला. मला वाटलं, संपलं. त्याने त्यातली संबळाची सगळी रेकॉर्डिंग ताईंसमोर पुसून टाकली आणि म्हणाला, "आता डब्यात काहीच नाही, सर. ताई वाजवतील किंवा कोणीच नाही."

आम्ही कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला गेलो. ताईंनी दारातून उचललेला कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा पेटवायला घेतला. तो गुळगुळीत कागद नुसता काळा पडून वळत होता. माझ्या पिशवीत गोदावरीत सोडलेल्या सांडपाण्याविरुद्धची पत्रकं होती, स्वस्त कागदावरची. ती भसकन पेटली.

"बघ," ताई संबळ फिरवत म्हणाल्या, "तुझं पत्रक पहिल्यांदाच कुणाच्या कामाला आलं!" टिचकी मारली, मान तिरकी केली. "उठला."

पुढचा बँड अजून आलेला नव्हता, म्हणून नाइलाजाने आम्हाला चढू दिलं. ताईंनी माइक ओढला. "मी मंगल, तात्यांची मुलगी, सटाण्याची. मी साथ नाही, मी वाजवणारी आहे." मग एकेकाचं नाव घेतलं आणि काठी पडली. गिटार तिच्यावर तुटून पडली. संबळ एक पाऊलही मागे सरला नाही. पुढे बसलेले लोक ग्लास खाली ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मंचाची वीज गेली. बाकी महोत्सवातले दिवे लखलखत होते, तेव्हा ती कशी गेली ते सगळ्यांना कळलं. गिटार मुकी झाली, बास मुका झाला, गाणाऱ्या निखिलचं तोंड नुसतं हलत राहिलं. संबळाला आणि ड्रमला वीज लागत नाही. ताई मंचाच्या कडेला आल्या आणि त्यांनी लय दुप्पट केली. निखिलने गिटार खाली ठेवली आणि टाळ्यांचा ठेका धरला. मग समोरच्या सगळ्यांनी धरला. गाणं संपलं ते ताईंनी संपवलं तेव्हाच.

त्या महोत्सवाने आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. आणखी दोघातिघांनी ठरलेले कार्यक्रम रद्द केले, बाई भांडखोर आहे म्हणून. तात्या अंथरुणाला खिळले, तेव्हा ताईंनी रविवारची एसटी थांबवली आणि घरच्या गोंधळांची जबाबदारी उचलली. निरोप घ्यायला आलेल्या निखिलला त्यांनी सांगितलं, "बोलाव. येईन. पण आधी छापलेला कागद दाखव." बँड अजून वाजतो. संबळाची जागा त्यांनी रिकामी ठेवली आहे, तिथे लॅपटॉप ठेवलेला नाही.

आता तुम्ही एक करा. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत 'लोकवाद्य साथ' किंवा 'पारंपरिक वाद्यवृंद' असं छापलेलं दिसलं, तर आयोजकाला गाठा आणि वाजवणाऱ्याचं नाव विचारा, गावासकट. तो सांगेपर्यंत खुर्चीत बसू नका.