चार डिमसम, आठ माणसं

माझ्या ताईचं लग्न चार डिमसमवर अडकलं होतं. आणि ते डिमसम मी मागवले होते.

झालं असं, रोह्याच्या नीलेशला ताई पसंत, ताईला नीलेश पसंत. फक्त त्याच्या आईचा होकार बाकी. बाबा म्हणाले, "हमरापूरला घरीच बोलवू, मटण-भाकरी करू." पण आमच्या गणपतीच्या कारखान्यात सीझन जोरात, ओटीपासून मोरीपर्यंत मूर्ती सुकत ठेवलेल्या. पाहुणे बसणार कुठे, उंदरावर? मग मी पुढे झालो (नेहमीसारखं, कुणी न विचारता). पेणजवळ हायवेला नवीन एशियन फ्यूजन हॉटेल उघडलंय, रीलमध्ये एकदम भारी दिसतं, चला तिकडे!

नीलेश, त्याचे आईवडील, मामा असे ते चार. आईबाबा, ताई आणि मी असे आम्ही चार. मी झोकात ऑर्डर दिली. पहिली बशी आली. बशीत डिमसम, म्हणजे वाफवलेले तिखट मोदकच, चार.

"बाकीचं मागून येतंय काय?" बाबांनी विचारलं.

"बाबा, इथे असंच असतं. छोट्या छोट्या प्लेट, सगळ्यांनी वाटून खायचं."

वाटून म्हटल्यावर बाबा उठलेच. गावात कुणाचंही लग्न असो, पंगतीत वाढायला बाबाच लागतात. त्यांनी बशी उचलली, टेबलाला वळसा घातला, आणि चारी डिमसम पाहुण्यांच्या ताटलीत. आमच्या ताटल्या कोऱ्या.

"तुमच्या ताटलीत काय नाय, नि आम्ही खायचं व्हय?" नीलेशच्या आईने आपला डिमसम माझ्या आईच्या ताटलीत ठेवला.

"नाय हो विहीणबाई, आधी पाव्हणे." (अजून विहीण झाल्या नव्हत्या. आईला घाई.) डिमसम परत.

तेवढ्यात बाओ आले, सारण भरलेले वाफवलेले पाव. तीन. बाबा पुन्हा फेरीला. मामांनी एक बाओ माझ्या ताटलीत टाकला. मी उचलणार, तर आईने टेबलाखालून असा चिमटा काढला की तो मी हसत हसत नीलेशच्या वडलांना दिला.

"सर, बसा ना," वेटर म्हणाला, "हे शेअर करायचं असतं."

"मग मी काय करतोय?"

बश्या येत गेल्या, ताटल्यांतलं फिरून फिरून पुन्हा बश्यांत, टेबल भरलं, पोटं रिकामीच. शेवटी वेटरने हळूच विचारलं, "आवडलं नाय का? उचलू?"

नीलेशच्या आईने पर्स खांद्याला लावली. "निघूया मग."

बाबांचा चेहरा पडला. पाहुणे उपाशी उठले, म्हणजे सोयरीक संपली. ताईने माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायलो.

वेटरने बशीला हात घातला, तशी ताईने ती बशी धरली. सकाळपासून मूर्तींचे डोळे आखून आलेली, नखांत काळा रंग तसाच. "दादा, ठेवा ते." तिने डिमसम उचलला, अख्खा तोंडात. मग दुसरा.

"मला भूक लागलीय," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "काकी, तुम्ही पण खा गो, गार झालं सगळं."

होणाऱ्या सासूला 'गो'. आईने डोळे मिटले.

काकींनी पर्स खाली ठेवली. "आमच्या घरी पण हेच. सगळे एकमेकांची वाट बघतात नि कालवण गार करतात. एक तरी अशी पायजेच होती." मग बाबांना, "तुम्ही बसा आता. सून बोलते ते बरोबर हाय."

बाबा बसले. पाच मिनिटांत टेबल साफ. "आता हेच सगळं," बाबांनी वेटरला सांगितलं, "परातीत आण."

लग्न ठरलंय. जेवणाचं माझ्याकडे द्या म्हटलं, तर मला पार्किंगला लावलंय, मंडपापासून सगळ्यात लांब.

"तुझी प्लेट तिकडेच पाठवू," बाबा म्हणाले. "छोटी."