ते मासे दत्ताचे होते

परवा चिंचवडला आमच्या जुन्या कंपनीतल्या लोकांचं गेट-टुगेदर होतं. आमचे एक साहेब यंदा वारले, म्हणून पडद्यावर त्यांचे फोटो दाखवत होते... एका फोटोत काचेच्या फ्रेममध्ये सात लाकडी मासे. खाली लिहिलेलं, ‘साहेबांची हस्तकला’.

माझं डोकंच फिरलं. मी उठून म्हणालो, हे मासे दत्ताने केलेत. शेजारच्याने शर्ट ओढून मला खाली बसवलं. म्हणाला, जाऊ दे राव, माणूस गेला आता.

दत्ताही गेलाय. त्याच्याबद्दल तिथे कुणी अवाक्षर काढलं नाही.

दत्ता इंद्रायणीकाठच्या निघोजे गावचा, माझा मित्र. सत्तरच्या दशकात आम्ही एकाच कंपनीत होतो. तो फाउंड्रीसाठी लाकडी साचे बनवायचा, मी ऑफिसात टायपिस्ट.

सुट्टीच्या दिवशी तो इंद्रायणीवर गळ टाकायचा. गळाला गांडूळ नाही, स्वतः कोरलेला लाकडी मासा! बोटाएवढा, पोटात सायकलचा छर्रा, अंगावर बायकोच्या नेलपॉलिशचे खवले... पाण्यात असा वळवळायचा की मरळ झेप घेऊन यायची.

साहेबांनाही मासेमारीचा नाद. एकदा त्यांनी ते मासे पाहिले आणि मग फर्माईशी सुरू झाल्या. ‘रविवारपर्यंत दोन पाहिजेत, शिफ्टमध्येच कर म्हणावं.’ हा निरोप घेऊन दत्ताकडे मीच जायचो.

असाच एका शनिवारी तो साहेबांसाठी मासा कापत होता. मशीनच्या पात्यावरचं गार्ड महिनाभर तुटलेलं, तक्रार करूनही कुणी बसवलं नव्हतं... उजव्या हाताची दोन बोटं गेली.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून रिपोर्ट सांगितला. ‘कामगार परवानगी न घेता स्वतःचं खासगी काम करत होता.’ आवाजात जराही कंप नव्हता हो! टेबलावर दत्ताचाच एक मासा पेपरवेट म्हणून ठेवलेला.

मी तो रिपोर्ट टाईप केला. एकही चूक न करता.

त्यानंतर दत्ता हाताला पट्टी बांधून रोज गेटवर यायचा. माझा भरपाईचा कागद कुठवर आला, विचारायचा. मी म्हणायचो, चालू आहे... महिन्याभराने त्याच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडलं.

मग मी निघोज्याला गेलो आणि सगळं सांगितलं. वहिनींनी चहा ठेवला होता, पण दत्ताने त्यांना हातानेच थांबवलं. मला म्हणाला, “तू टाईप केलं नसतंस तर तुझी बी नोकरी ग्येली असती, ते मला कळतंय. पर मला येऊन सांगायचं हुतं. मी रोज तुलाच इचारत हुतो.”

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. पुढे त्याने गावात मजुरी केली, असं कानावर आलं. मासे कोरायला चाकू पुन्हा धरला की नाही, ठाऊक नाही. विचारायला तोंड होतं कुठे?

साहेबांचा राग आजही तसाच आहे. स्वतःचा त्याहून जास्त. म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहितोय... मासे दत्ताचे आहेत. आणि तो खोटा रिपोर्ट माझ्या हातचा आहे.