चौदा ठिपके

राही ठाकूर गिऱ्हाइकाचा पासवर्ड बघत नाही. पोयनाडला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, जेमतेम आठ बाय दहाचं. खाडीच्या खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या पिना घासून साफ करणं हे तिचं निम्मं काम. दुरुस्त झालेलं मशीन सुरू करायची वेळ आली की ती बिनतारी कीबोर्ड गिऱ्हाइकाच्या हातात देते आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहते. लोक हसतात. काही जण पासवर्ड मोठ्याने बोलूनच टाइप करतात. मग ती पंखा वाढवते.

अठरा वर्षांत हा नियम तिला एकदाच महागात पडला. काळूराम घरतांच्या बाबतीत.

काळूराम मिठागरात कामाला होते. त्यांची बायको सोनूबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गायचा मान धवलारणीचा. तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाहीत. काळूरामांनी अकरा वर्षं बायकोचा आवाज रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर साठवला. एकदा कुणीतरी पेनड्राइव्हवर त्यातली गाणी उतरवून नेली आणि एका हळदीत डीजेच्या ठेक्यावर वाजवली. काळूराम दुसऱ्याच दिवशी मशीन घेऊन राहीकडे आले.

"याला कुलूप लाव," म्हणाले. "असं, की चोराने डबा फोडला तरी आत काय न्हाय गावलं पायजे."

राहीने सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली. आता मशीन सुरू केलं की सगळ्यात आधी पासवर्ड मागणार. काळूरामांकडे ब्लूटूथचा कीबोर्ड होता. तो या दारात चालणार नाही, असं तिने सांगितलं. मशीन त्या क्षणी पुरतं जागं नसतं, कुणाला ओळखत नसतं. मागे बारका रिसीव्हर खोचायचा कीबोर्ड असेल, तर मात्र चालतो. काळूरामांनी तसला घेतला. राही भिंतीकडे वळली. त्यांनी पासवर्ड घातला.

"लिहून ठेवा, काका."

"कशाला? डोक्यात हाय."

पुढच्या वर्षी लकव्याने त्यांचं अंग आणि बोलणं गेलं; डावा अंगठा तेवढा हलायचा. त्याच वर्षी सोनूबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्यांच्याकडून पुरते धवले शिकलेलं गावात कुणीच नव्हतं. यंदा फेब्रुवारीत काळूराम वारले. आठव्या दिवशी मुलगी नेत्रा हिने राहीला घरी बोलावलं.

"अगो, एकदा मान वळवून बघितलं असतंस तर काय झालं असतं तुला?" नेत्राने दारातच विचारलं.

"मग त्यांनी कुलूप माझ्याकडून लावून घेतलं नसतं."

"आता काय करायचं?"

"पासवर्ड नसेल तर डिस्क पुसून नवी करता येते. गाणी जातील."

 नेत्राने बाहेरच्या खोलीत टेबलावरचं मशीन दाखवलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. काळूराम जिथे गेले, तिथेच दिवा ठेवलेला होता. दिव्याशेजारी ताटात तांदळाचं पीठ पसरून वर डालगं, कोंबड्या झाकायची टोपली, पालथं घातलेलं. गेलेला माणूस पिठावर खूण ठेवतो, म्हणून घरचे रोज सकाळी डालगं उचलून पाहत. वडिलांच्या मांडीवर शेवटपर्यंत असायचा म्हणून त्यांचा कीबोर्डही डालग्याखालीच ठेवला होता.

"पहिल्या दिवसापासून पाखराच्या पायासारखं उमटतंय," नेत्रा हळू आवाजात म्हणाली. "रोज. चार-चार रेघा."

राहीने मशीन सुरू केलं. दुपारचे चार वाजले होते. काळ्या पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट आली. राहीचा स्वतःचा कीबोर्ड अजून पिशवीतच होता.

चौकटीत एक ठिपका उमटला.

मग दुसरा. थोडं थांबून तिसरा, चौथा, पाचवा.

नेत्रा भिंतीला टेकली. "बाबा," ती म्हणाली.

डालग्याचा काठ बटणावर टेकला असेल, हे राहीच्या मनात आलं. पण बटण दबून राहिलं तर ठिपके एकसारखे धावतात. हे थांबत होते, शोधत होते, पुन्हा येत होते. चौदा झाले आणि सगळं थांबलं. मशीनचा पंखा तेवढा ऐकू येत होता.

राहीने दार ढकललं.

खिडक्या बंद होत्या. सोनूबाई डालग्यासमोर बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत डालग्याखाली होता. राहीला बघून त्यांनी तो ओढून घेतला. चार बोटांना पीठ लागलं होतं.

"काकी, तुम्हाला लिहिता येतं?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग हवेत बोट फिरवून दाखवलं: इथे, मग इथे, मग खाली. नेत्राच्या लक्षात आलं. अंग गेल्यावर वडील डोळ्यांनी बटण दाखवायचे आणि आई दाबायची, रोज चारला. अक्षर एकही ठाऊक नाही, जागा तेवढ्या ठाऊक. शेवटचं मोठं बटण मात्र ते स्वतः डाव्या अंगठ्याने दाबायचे. सात दिवस सोनूबाई बंद मशीनला पासवर्ड देत होत्या आणि शेवटच्या बटणापाशी थांबत होत्या.

"आयला कुणी विचारलंच न्हाय," नेत्रा म्हणाली.

राहीने विचारलं. "काकी, ते शेवटचं बटण मी दाबू?"

सोनूबाईंनी दिव्याकडे बघितलं. मग त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

राहीने बाहेर येऊन आपला कीबोर्ड जोडला आणि एंटर दाबलं. मशीन उघडलं. हात चालत नसल्याने काळूरामांनी तशी सोय करून घेतली होती, की मशीन उघडताच शेवटचं रेकॉर्डिंग आपोआप वाजावं. ते वाजलं, पुऱ्या आवाजात. मांडव घालतानाचा धवला, सोनूबाईंच्या भरदार गळ्यातला, सुतकाच्या घरात.

शेजारच्या अंगणातली बोलणी थांबली. समोरच्या ओटीवर एक बाई उठून उभी राहिली.

"बंद कर! आठवा दिवस हाय आज, लग्नाचं गाणं वाजतंय घरात!"

"मशीन बंद केलं तर पुन्हा उघडेलच असं नाही," राही म्हणाली आणि स्पीकरची वायर उपटली. मग रिकामी डिस्क जोडून गाणी उतरवायला घेतली. पडद्यावर धवला तसाच चालू होता, बिनआवाजाचा. त्याची निळी रेघ सरकत होती.

सोनूबाई आतून आल्या आणि पडद्यासमोर बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. रेघ संपली तेव्हा ओठ थांबले. पुढचं गाणं लागलं. त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं, तेही त्यांना वाचता येणारं नव्हतं. ओठ पुन्हा हलू लागले.

"तिला ऐकू येतंय का काय?" नेत्राने विचारलं.

राहीने हातातल्या वायरीकडे बघितलं. 

तीनशे बारा गाणी उतरायला पाऊण तास लागला. राहीने डिस्क नेत्राच्या हातात दिली, मशीन रीतसर बंद केलं. पडदा काळा झाला. सोनूबाई तिथेच बसल्या होत्या आणि त्यांचं गाणं अजून संपलं नव्हतं.