तोगाशींनी परत नेलेली माफी

त्सुकिनोसावाच्या नगर कचेरीत कियोहारु तोगाशींनी एकतीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही कुणाची तक्रार केली नाही. जेवणात केस सापडला तर आचाऱ्याला दिसू नये म्हणून ते तो गुपचूप खिशात घालत. तळमजल्यावरच्या थंड पेयांच्या यंत्राने एकदा नाणं गिळलं आणि डबा दिला नाही, तेव्हा तोगाशींनी यंत्रासमोर मान लववून दुसरं नाणं टाकलं. मग मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंची माफी मागितली. यंत्र गप्प बसलं होतं, तेव्हा ती कुणीतरी मागायला हवीच होती.

अशा माणसाला एखादं व्यसन असावंच लागतं. तोगाशींचं व्यसन म्हणजे 'हिनाता' नावाचा खेळ. तळहाताएवढ्या यंत्रावर खेळायचा. त्यात तुम्हाला डोंगरातलं एक पडीक शेत मिळतं. ते नांगरायचं, पेरायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मुळे-भोपळे देऊन त्यांची मर्जी संपादायची, फावल्या वेळात गुहेत जाऊन कुदळीने राक्षस बडवायचे आणि जमलंच तर गावातल्या एखाद्या मुलीशी लग्न करायचं. सगळ्या देशाने वीस वर्षं या खेळावर जीव टाकला. शेतकऱ्यांची पोरं शेत सोडून शहरात गेली आणि तिथे खुराड्याएवढ्या खोलीत बसून या शेताला पाणी घालू लागली. तोगाशी जेवणाच्या सुटीत एका हाताने भाताचा डबा सांभाळत आणि दुसऱ्या हाताने शेत. खेळात त्यांचं लग्न लोहाराच्या बोतान नावाच्या मुलीशी झालं होतं. घरी मित्सुए होत्याच.

"काय म्हणतेय ती?" मित्सुए संध्याकाळी सूप वाढता वाढता विचारत.

"कोण ती?"

"लोहाराची. जेवली का?"

"तिला ताप आलाय," तोगाशी खाली मान घालून सांगत.

"मग पेज करून घाला तिला. मला ताप आला होता तेव्हा अहो, तुम्ही तीन तास थर्मामीटर शोधत होता."

या खेळात त्सुकिनोसावाचा लाल सलगमही होता. हा सलगम आमच्या डोंगरउतारावरच होतो. ऑगस्टात उतार जाळायचा, राख कोमट असतानाच बी फेकायचं आणि बर्फ पडायच्या आत पीक काढायचं. वीस वर्षांपूर्वी खेळ करणाऱ्यांपैकी एक जण पाठीवर पिशवी घेऊन गावात आला आणि इसोयो काकूंकडे चार दिवस राहिला. सलगम सरळ ओढायचा नसतो, आधी मनगटाने हलका पीळ द्यायचा आणि मग उचलायचा, हे काकूंनी त्याला हातावर चापट्या मारून शिकवलं. त्याने ते खेळात जसंच्या तसं उतरवलं. दोन बटणं एकदम दाबली की खेळातला शेतकरी वाकायचा, पीळ द्यायचा आणि 'पक्' असा आवाज होऊन सलगम बाहेर यायचा. खाली अक्षरं उमटायची: त्सुकिनोसावा लाल. गावाचं नाव देशात छापून येण्याचे प्रसंग एवढेच. बाकी दरड कोसळली की येतं.

यंदा 'हिनाता' संगणकावर आला. म्हणजे आणला गेला. जुना खेळ करणारे केव्हाच पांगले होते. तो संगणकावर चढवायचं काम तोक्योतल्या एका कंपनीने घेतलं आणि बेफिकीर हमाल घर हलवतात तसं केलं, काचसामान खाली आणि लोखंडी कपाट वर. पडद्यावर सूचना यायची, 'डावीकडचं पिवळं बटण दाबा.' संगणकाला पिवळं बटण कुठलं? माऊसचा बाण एकदा आभाळात गेला की परत येत नसे. खेळातून बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती, थेट वीज तोडावी लागे. माणसांचं बोलणं चौकटीत मावत नव्हतं, त्यामुळे बोतान प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडायची. ती आपल्यावर रुसलीय असं समजून तोगाशींनी तिला आठवडाभर फुलं दिली.

चाहत्यांबद्दल तर बोलायलाच नको. ज्या देशात आगगाडीला अर्धं मिनिट उशीर झाला तर लोक घड्याळाकडे बघतात, त्या देशातल्या शहाण्या माणसांनी लिहिलं की दगडी भिंतीतून आरपार जाता येणं ही या आवृत्तीची गंमत आहे. सलगमाबद्दल एकाने लिहिलं, 'निघत नसेल तर पेरू नये.' चार हजार जणांनी त्याला दाद दिली.

सलगम खरोखरच निघत नव्हता. शेतकरी वाकायचा, पाला मुठीत धरायचा आणि तसाच राहायचा. खेळातला सूर्य मावळायचा, उगवायचा. पानं गळायची, बर्फ पडायचा, बर्फ वितळायचा, बायको डबा घेऊन बांधावर उभी राहायची, आणि हा आपला वाकलेला. तोगाशींनी एकदा त्याला तसाच ठेवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी मुलगा मोठा होऊन उभा राहिला.

तोवर नगराध्यक्ष ओताकींनी कचेरीच्या दर्शनी दालनात नवा कोरा संगणक मांडून वर पाटी लावली होती: 'आमचा सलगम स्वतः उपटून पाहा.' नोव्हेंबरात सलगमाची जत्रा भरणार होती. ओताकी हे पाटी आधी लावून मग खालच्या गोष्टीचा विचार करणाऱ्या जातीचे गृहस्थ होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इसोयो काकू लोणच्याची बादली पोचवायला कचेरीत आल्या. वय चौऱ्याऐंशी, कंबर काटकोनात वाकलेली, नजर घारीची. त्या संगणकासमोर थांबल्या. पडद्यावर शेतकरी वाकलेला होता.

"हा काय करतोय रे, कियो?"

"सलगम उपटतोय, काकू."

काकू बघत राहिल्या. चहा आला, त्यांनी प्यायला, कप खाली ठेवला. शेतकरी तसाच.

"वारला काय?"

"नाही. थोडा अडकलाय."

"मनगट बघ त्याचं. लाकडाचं आहे. याला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, काकू. म्हणजे जुन्याला."

"जुन्याला शिकवलं. हा कोण उपटसुंभ? आणि खाली गावाचं नाव कशाला लिहिलंय? लोक म्हणतील, त्सुकिनोसावाचा सलगम जमिनीतून निघत नाही. साठ वर्षं काढतेय मी तो." मग त्यांनी काठी तोगाशींच्या बुटाच्या टोकावर ठेवली. "हे बघ, बर्फ पडायच्या आत एक तर सलगम बाहेर काढ, नाहीतर गावाचं नाव तिथून काढ. कर कबूल."

तोगाशींनी कबूल केलं. ज्या माणसाला हॉटेलात गार भात आला तर 'गरम करून द्या' म्हणता येत नाही, त्याने हे कबूल केलं.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. पहिली दोन पानं हवामानाबद्दल होती, तिसऱ्यावर कंपनीला त्रास देत असल्याबद्दल क्षमायाचना, आणि ताजा कलमात सलगम. उत्तर आलं: 'आपण निदर्शनास आणलेली बाब योजनेनुसारच आहे.' म्हणजे माणूस वर्षभर ओणवा राहावा अशी कुणीतरी बसून योजना केली होती. तोगाशींनी दुसरं पत्र लिहिलं. त्यात हवामान एकच पान होतं. गावाच्या मानाने हे भांडणच झालं.

परिणामी कंपनीचे विभागप्रमुख हिराबायाशी जातीने माफी मागायला आले. काळा सूट, मागे दोन सहायक आणि हातात तोक्योतल्या नामांकित दुकानाचा खोका, सोळा वड्यांचा, गोड सारणाच्या. आमच्याकडे हा खोका म्हणजे पोरखेळ नव्हे. माफी खोक्यातून येते. तुम्ही खोका घेतलात की माफी घेतलीत, आणि माफी घेतलीत की विषय संपला. मग तो सलगम निघो न निघो.

नगराध्यक्षांच्या दालनात हिराबायाशी कमरेत इतके वाकले की तोगाशींना पडद्यावरच्या शेतकऱ्याची आठवण झाली.

"आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक दिलगीर आहोत," हिराबायाशी जमिनीला म्हणाले.

"छे छे, एवढ्या लांबून यायला लावलं, दिलगीर तर आम्ही आहोत," ओताकी म्हणाले आणि तेही वाकले.

दोन्ही पक्ष वाकलेले असताना तोगाशींच्या तोंडून शब्द निघाले. आपले आहेत हे त्यांना जरा उशिरा कळलं.

"सलगम कधी निघेल?"

हिराबायाशी हळूहळू सरळ झाले. "त्या बाबीचा आम्ही गांभीर्याने विचार करू."

"म्हणजे कधी?"

"गांभीर्याने," हिराबायाशी म्हणाले.

"तोगाशी, पाहुण्यांना चहा सांगा," ओताकी म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी खोका घेतला. तीनच्या चहापर्यंत सोळांतल्या नऊ वड्या संपल्या होत्या. नगराध्यक्षांनी दोन खाल्ल्या आणि सारण उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. विषय संपला.

त्या संध्याकाळी तोगाशी जेवले नाहीत. मित्सुएंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही खाल्लीत का वडी?"

"नाही."

"मग तुमचं भांडण चालू आहे. खोका परत द्या."

"अगं, अर्धा खाल्लाय लोकांनी."

"तसाच दुसरा मिळतो ना तोक्योत? दुकानाचं नाव झाकणावरच असेल की." त्यांनी जेवण परत पुढे सरकवलं. "आणि जाताना तो निळा टाय लावू नका. त्यात तुम्ही माफी मागायला आल्यासारखे दिसता."

तोगाशींनी एक दिवसाची रजा टाकली, कारणाच्या रकान्यात 'खासगी' लिहिलं आणि सकाळच्या बुलेट ट्रेनने तोक्यो गाठलं. दुकानातून तस्साच खोका घेतला, कंपनीत गेले आणि स्वागतकक्षातल्या मुलीपुढे तो दोन्ही हातांनी ठेवला.

"आपली माफी परत आणली आहे," ते म्हणाले. "कृपया ठेवून घ्यावी. तसदीबद्दल क्षमस्व."

त्या कंपनीत माफी कशी मागावी याचं चाळीस पानी पुस्तक होतं. किती अंशात वाकावं, कुठल्या चुकीला किती वड्या, सगळं त्यात होतं. माफी परत आली तर काय करावं, हे मात्र कुठल्याच पानावर नव्हतं. मुलीने वरच्याला बोलावलं, वरच्याने त्याच्या वरच्याला. खोका टेबलाच्या मधोमध राहिला, पण त्याला हात लावायला कुणी तयार होईना, कारण हात लावला म्हणजे तो परत घेतला. तीन बैठका झाल्या. तोगाशी कोचाच्या कडेवर गुडघे जुळवून बसून होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उठून नमस्कार करत होते, त्यामुळे सगळ्यांना ते फारच भयंकर वाटले.

शेवटी निशिवाकी नावाची एक तिशीतली बाई आली. केस पेन्सिलीने वर खोचलेले. ती त्यांना थेट आपल्या टेबलापाशी घेऊन गेली.

"सलगमवाले तुम्हीच ना? बसा. जुन्या यंत्रावर दोन बटणं एकदम दाबायची होती. पिळाचं बटण संगणकावर द्यायचं राहूनच गेलं. तो पाला धरतो आणि पिळाची वाट बघत बसतो बिचारा."

"हे तुम्हाला आता कळलं?"

"जूनमध्ये. एका ओळीचं काम, त्याच दिवशी केलं मी."

"मग?"

"मग शिक्का हवा हिराबायाशीसाहेबांचा. दुरुस्तीवर शिक्का मारला की चूक होती असं होतं. साहेबांनी तर वर लिहून दिलंय, योजनेनुसार आहे म्हणून." तिने तोगाशींकडे वळून पाहिलं. "एक विचारू? आमच्या चाचणीत कुणीही सलगम पेरला नव्हता. उतार जाळा, राख थंड होऊ देऊ नका, मग वाट बघा, एवढी चिकाटी कुणाकडे असते? तुम्ही किती वेळा पेरलात?"

"एकशे बारा," तोगाशी म्हणाले.

इकडे तिसऱ्या बैठकीत हिराबायाशींपुढे दोन कागद होते. एकावर संचालकांना कळवायचं होतं की कंपनीची माफी एका डोंगरी कचेरीतल्या उपविभागप्रमुखाने परत आणून दिली, आणि तीही कंपनीने दिली होती त्याहून ताजी. दुसऱ्यावर नुसता शिक्का मारायचा होता. जूनपासून जे धोरण अढळ होतं ते चार वाजून दहा मिनिटांनी ढळलं. जाहीर निवेदनात कंपनीने लिहिलं की खेळात एक नवीन सोय जोडण्यात येत आहे: सलगम उपटता येणे.

सुधारलेला खेळ जत्रेच्या आदल्या दिवशी आला. डोंगरमाथ्यावर ढग उतरले होते, हवेला बर्फाचा वास होता. कचेरीत ही हकिगत पोचली होतीच. पाहुण्यांचा अपमान केल्याबद्दल येत्या एप्रिलपासून तोगाशींची बदली पाणीपुरवठा विभागात झाल्याचं ओताकींनी त्यांना सकाळीच सांगितलं होतं, आणि दुपारी वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीला बोलावून आपण स्वतः पाठपुरावा करून सलगम कसा सोडवला हे सांगायची तयारी चालवली होती. तोगाशींनी बदलीबद्दल त्यांचे आभार मानले.

मग त्यांनी गाडी काढून इसोयो काकूंना खाली आणलं, खुर्चीवर दोन उशा रचून त्यांना बसवलं आणि कुठली दोन बटणं दाबायची ते दाखवलं. काकूंनी बोटं कपड्याला पुसली आणि दाबली. शेतकरी वाकला. त्याने पाला धरला. दालनातल्या सहा जणांनी श्वास धरला. मनगट फिरलं, 'पक्' झालं, सलगम वर आला, लाल, आणि खाली गावाचं नाव उमटलं.

तोगाशी काकूंच्या तोंडाकडे पाहत होते.

"मनगट अजून आखडलेलंच आहे," काकू म्हणाल्या. "पण निघाला. नाव राहू दे."

तोगाशींनी मान लववली, ती बराच वेळ वर आली नाही. तोवर काकूंनी दुसरा उपटला. मग तिसरा. मागे ओताकी वर्तमानपत्राच्या माणसाला घेऊन उभे होते आणि त्याच्या हातात कॅमेरा होता.

"काकू," ओताकी गोड आवाजात म्हणाले, "जरा आम्हाला बसू देता का? फोटो घ्यायचाय."

"कियो, त्याला सांग थांबायला," काकू पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "बर्फ येतोय आणि अजून अर्धा उतार काढायचा राहिलाय."