आबाचा फोन अजिंठ्याला

आबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात ते पावसाळ्याच्या तोंडावरच घरी येतात. आमचं गाव गंगापूरजवळ. तिथून धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेनं, या शिवारातून त्या शिवारात त्यांचं बिऱ्हाड हलत राहतं. लेंडीखतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. पूर्वी मायही बरोबर असायची. गुडघे गेले तशी ती गावीच राहते, आणि आबांबरोबर मेंढरं राखायला एक जोडीदार असतो. मी शिकले, लग्न होऊन औरंगाबाद शहरात आले, सिडकोतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आबा कुठं आहेत हे कळायचा आम्हा दोघींना एकच मार्ग होता, त्यांचा फोन.

जुन्या फोनवर एका एडक्यानं पाय दिला आणि काच फुटली. मी तो क्रांती चौकातल्या एका दुकानात दिला आणि बदल्यात नवा घेतला. दुकानदारानं जुन्यातलं सगळं नव्यात भरून दिलं. "जुना पुसून टाकतो ताई, काळजी करू नका," म्हणाला.

तेव्हापासून त्या नव्या फोनची ओळखच बिघडली. आबांचं खातं मीच सांभाळते. लॅपटॉपवर ते उघडायला गेलं की लॅपटॉप म्हणायचा, 'आबाचा फोन'वर सूचना पाठवली आहे, तिथं होय दाबा. आबांच्या फोनवर मात्र काहीच यायचं नाही. आबा आमच्याकडं आले की त्यांनी काढलेले मेंढरांचे व्हिडिओ टीव्हीवर लावायचे असायचे, तर टीव्ही त्यांच्या फोनला कुठल्याशा इंग्रजी अक्षर-आकड्यांनी ओळखायचा. मी फोन बंद करून चालू केला, जुन्या जोडण्या पुसल्या, पुन्हा जोडल्या. फरक पडला नाही. हरवलेला फोन शोधायच्या नकाशावरही दोन ओळी दिसायच्या, एक 'आबाचा फोन' आणि दुसरी ती अक्षर-आकड्यांची. नाव आहे तो आपला, नाव नाही तो दुकानात दिलेला, असं मी धरून चालले. कुठलं टिंब कुठं आहे ते न बघताच, नेटवर्कचा काहीतरी घोळ असेल म्हणून विषय सोडून दिला.

चैत्रातली दुपार होती. शाळेतून येऊन मी जेवायला बसत होते, तेवढ्यात मायचा फोन आला.

"अगं, इकडं गारा पडायल्यात. लिंबाएवढाल्या. तुझ्या बापाचा फोन लागंना."

"जोडीदार असेल ना बरोबर?"

"नाय ना. त्यो आजारी एडका घेऊन सकाळीच गंगापूरला दवाखान्यात गेलाय. बिऱ्हाड बी पहाटंच हललंय. कोणत्या रानात बसले, कुणालाच ठाव नाय."

चुलतभाऊ दोन-तीन पोरं आणि मोटारसायकली घेऊन फुगवट्याकडं निघायच्या तयारीत होता. मी तिला थांबायला सांगितलं आणि नकाशा उघडला. 'आबाचा फोन' अजिंठ्याच्या घाटाच्या अलीकडं दिसत होता. मी पुन्हा उघडून पाहिलं. तिथंच. बॅटरी जवळपास भरलेली, आणि टिंब हळूहळू सरकत होतं.

आबांचा नंबर लावला तर बंद. नंबर बंद आणि टिंब चालतंय! मागच्या साली आमच्याच भावकीतल्या एकाची मेंढरं चोरांनी टेम्पोत घालून नेली होती. आडवा आला म्हणून त्याला मारलंही होतं. फोन घेऊन, सिम काढून फेकून कुणी तिकडं पळालंय, किंवा आबाच त्या टेम्पोत आहेत, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं.

मी मायला म्हटलं, "त्यांना फुगवट्याकडं जाऊ देऊ नको. आबा अजिंठ्याकडं दिसतायत."

"अजिंठ्याला? मेंढरं घेऊन उडत गेला का त्यो?"

"मी सांगते ते ऐक, माय. नकाशात दिसतंय."

तिनं ऐकलं. लेक शिकलेली म्हणून ऐकलं. पोरांना थांबवलं.

नवऱ्याला सुट्टी होती. त्यानं गाडी काढली आणि आम्ही जळगाव रस्त्याला लागलो. पोलिसांना कळवावं का, असं त्यानं विचारलं. आधी टिंबाजवळ पोचू, मी म्हटलं. हर्सूल मागं पडलं. आभाळ गंगापूरच्या अंगाला काळंनिळं झालं होतं, आणि आम्ही त्याला पाठ करून चाललो होतो. ते आरशात दिसत होतं आणि मला बघवत नव्हतं.

गाडीत बसून मी जे जे करता येतं ते केलं. फोन दुरून वाजवायची सोय असते, ती दाबली. मग त्याला कुलूप घातलं, आकड्यांचा पासवर्ड टाकला आणि पडद्यावर मजकूर पाठवला, 'हा फोन माझ्या वडिलांचा आहे, या नंबरवर ताबडतोब बोला.' खाली माझा नंबर.

फुलंब्री यायच्या आत माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो, कोण बोलतंय?" बाईचा आवाज होता, वयस्कर आणि घाबरलेला. "माझा फोन आपोआप बोंबलायलाय अन् त्याच्यावर तुमचा नंबर आलाय."

"माझे वडील कुठं आहेत?" मी ओरडलेच.

"तुमचे वडील? मला काय ठाव बाई? फोन माझा हाय. पोरानं औरंगाबादहून आणून दिलाय."

"खोटं बोलू नका."

"खोटं कशाला बोलू? माझी सून दवाखान्यात हाय, कळा चालू हायती. मी जीपमधी बसून तिकडंच निघालेय. पोराला फोन लावावा तर ह्यो उघडंना, तुमचाच नंबर तेवढा लागतोय. काय केलंत तुम्ही?"

ती रडायला लागली. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"मावशी, फोनच्या पडद्यावर काय नाव दिसतं?" त्यानं हळू विचारलं.

"आबाचा फोन. पयल्यापासून तसंच हाय. मला वाटलं कंपनीचं नाव आसंल."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. जुना फोन दुकानात पुसलाच गेला नव्हता. काच बदलून, आबांचं नाव आणि खातं यांसकट तो विकला गेला होता. लॅपटॉप, नकाशा सगळे त्यालाच आबांचा फोन समजत होते. आणि आबांच्या कमरेला असलेला खरा फोन म्हणजे ती अक्षर-आकड्यांची ओळ, जिच्याकडं मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मी ती ओळ उघडली. टिंब करड्या रंगाचं होतं, म्हणजे फोन आता बंद. शेवटचा दिसला तो दुपारी, कायगावच्या अलीकडं, फुगवट्याच्या अगदी काठावर. जिकडं जाण्यापासून मी पोरांना थांबवलं होतं, तिकडंच.

नवऱ्यानं गाडी वळवली. मी आधी मायला तो पत्ता सांगितला. ती "पोरांना धाडते," एवढंच म्हणाली. मग मी त्या बाईला परत फोन लावून पासवर्ड सांगायला लागले. ती म्हणाली, "आकडंच सांगा, इंग्रजी अक्षरं नाय येत मला." एकेक आकडा सांगितला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा उघडला.

"उघडला, उघडला!" ती म्हणाली. "मी लावते पोराला. तुम्ही पळा तुमच्या बापाकडं."

शहर ओलांडून आम्ही वाळूजच्या पुढं गेलो. गंगापूरच्या फाट्यापुढं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या पडलेल्या होत्या. रानात गारांचे ढीग अजून वितळले नव्हते. उन्हाळ्यात सगळं शिवार पांढरं झालं होतं. पुढं चुलतभावाची मोटारसायकल बांधावर उभी दिसली. आम्ही गाडी सोडून चिखलातून पळत सुटलो.

मेंढरं काटक्यांच्या एका ताटीच्या आडोशाला चिकटून, माना खाली घालून उभी होती. काही आडवी पडली होती, ती आता उठणारच नव्हती. पाण्याच्या मोटारीची एक लहानशी खोली होती, तिच्या दारात चुलतभाऊ वाकला होता. आत आबा भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर आणि आजूबाजूला कोकरं दाटीवाटीनं बसलेली. कोकरं उचलून आत टाकता टाकता ते घसरून खोलीलगतच्या हौदाच्या कठड्यावर आपटले होते. डावा खांदा खाली लोंबत होता, कपाळ सुजलं होतं, ओठ निळे पडले होते. फोन कमरेच्या पिशवीत चिंब.

मी गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या गालाला हात लावला. गाल बर्फासारखा.

"तू कशाला आलीस?" ते म्हणाले. "मेंढरं बघ आधी. लई मेलीत का?"

"नाही आबा. थोडीच."

"बघून सांग."

मी बाहेर जाऊन उगाच उभी राहिले, आणि तिथं मला रडू कोसळलं. नवरा आणि चुलतभाऊ त्यांना खांद्यावर घेऊन गाडीकडं निघाले तेव्हा त्यांनी एक कोकरू उजव्या हातातून सोडलंच नाही. ते तसंच गाडीत घातलं.

शहरातल्या दवाखान्यात खांद्याचं हाड मोडल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, अजून काही वेळ तसेच भिजून बसले असते तर अवघड होतं. ते ऐकताना गावाहून आलेली माय माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. मला ते जास्त जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचा फोन आला. "भेटला का तुमचा बाप?" भेटला, म्हटलं. "बरं झालं बाई. आमच्याकडं नात झाली." त्या दुपारी तिच्या मुलाला फोनवर एकेक पायरी सांगत मी आबांचं खातं तिथून काढलं. आबांचा भिजलेला फोन वाळून सुरू झाला होता, मग त्याला नाव दिलं. लॅपटॉपवरून सूचना पाठवून पाहिली, ती आबांच्या उशाशी वाजली. मी ती तीनदा पाठवली. "काय टुणटुण लावलीय," आबा म्हणाले.

हात गळ्यात बांधून ते आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहिले. दिवसभर गॅलरीत उभे. मेंढरं चुलतभावानं सांभाळली होती, त्याला रोज विचारायचे, पाणी दाखवलं का, नव्या रानात बसवली का. हाड पुरतं जुळायच्या आधीच एका सकाळी ते वहाणा घालून दारात उभे राहिले. माय फोनवर ओरडली, मी ओरडले. काही उपयोग झाला नाही. शेवटी मी त्यांच्या खांद्याची पट्टी नीट बांधून दिली आणि बजावलं, "डाव्या हातानं काहीही उचलायचं नाही."

"व्हय," आबा म्हणाले, आणि त्याच हातानं पिशवी उचलून जिना उतरायला लागले.