पदरात बांधलेले गहू

आमच्या चारठाण्याच्या बाजूच्या गावांतून आता बरीच लेकरं परदेशी गेलीत. कुणाला लेकाकडं जायचं असतं, कुणाला लेकीच्या बाळंतपणाला. मग बाया माझ्याकडं येऊन बसतात. "तुमी एकट्या जाऊन आलात, तुमी सांगा." मी सांगते. मला काय, चहा पुढं आला की माझं तोंड थांबत नाही. पण एका ठिकाणी आलं की माझ्या कानाच्या पाळ्या अजून गरम होतात.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं माझं मी शिकले, आणि इंग्रजी अक्षरं तर खताच्या पोत्यांवरून. त्यामुळं लेकीनं ऑस्ट्रेलियातून फोन केला, "आई, बाळंतपणाला येशील का? एकटीला यावं लागंल," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आमच्या ह्यांचे गुडघे गेलेले, त्यांच्याच्यानं प्रवास होणार नव्हता. जावयाचं काम लांबच्या खाणीवर, तो घरी कमी आणि कामावर जास्त. लेक एकटी, दिवस भरत आलेले. मी नाही पोचले तर दवाखान्यात तिच्याजवळ बसायला माणूस नव्हतं.

रोज तिचा फोन यायचा आणि ती मला पढवायची. पासपोर्टच्या झेरॉक्स दोन्ही बॅगांत ठेव. गोळ्या पाकिटातून काढू नको, डॉक्टरची चिठ्ठी बरोबर घे. माझा नंबर फोनमध्ये आहेच, तरी कागदावरही लिही, फोन बंद पडला तर? आणि कुणाचं काहीही आणू नको, लोणच्याची बरणीसुद्धा नको. मी परकराला आतून चोरखिसा शिवला आणि नंबराचा कागद त्यात ठेवला. स्वतःवर लय खूश होते मी.

इतकी खूश, की गावाला शिकवायला लागले. आमच्या शेजारच्या मास्तरीणबाई, त्यांचा लेकही तिकडंच. त्या लेकासाठी मेतकुटाची पुडी घेऊन आल्या. मी ओसरीतूनच सांगितलं, "दुसऱ्याची पुडी नेत नसतात. त्यात काय हाय ते आपल्याला काय ठावं?"

त्या म्हणाल्या, "मेतकूट हाय बाई, बॉम्ब न्हाई. अन् विमान काय तुमच्या घरचं हाय व्हय?"

गेल्या रागानं. मी चार बायांत ही गोष्ट नाकानं कांदे सोलत सांगितली. डिंकाचे लाडूही केले नाहीत. बाळंतपणाला निघालेली आई रिकाम्या हातानं, हे कुणाला पटेना. मी म्हणायचे, "नियम म्हंजे नियम."

निघायच्या दिवशी माझ्या धाकट्या जावेनं उंबऱ्यात ओटी भरली. आमच्याच रानातले गहू, हळकुंड, सुपारी, खारीक, नारळ, वर खण. पदराला गाठ मारता मारता म्हणाली, "बाई, वाटंत टाकू नका हं. पोरीच्या देवापुढं ठेवा अन् मग तिच्या पदरात घाला. तिची वटी तिथं कोन भरनार?"

खरंच होतं. लेकीचं डोहाळजेवण झालं नव्हतं, कुणी तिच्या पदरात मूठभर दाणे घातले नव्हते. मी तो पदर पोटाशी धरून गाडीत बसले.

देवगाव फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा मला नारळाची आठवण झाली. नारळ जवळच्या पिशवीत चालत नाही असं लेकीनं सांगितलेलं. मी तो पोचवायला आलेल्या ह्यांच्या हातात दिला आणि वर ऐकवलं, "बघा, सगळं ध्यानात हाय माझ्या." बाकीची ओटी खणात बांधली आणि जवळच्या पिशवीत ठेवली. नारळ खायची वस्तू, म्हणून तो आठवला. गहू ओटीतले होते. ओटी ही काय खायची वस्तू आहे का? माझ्या डोक्यात ते आलंच नाही.

सिंगापूरला विमान बदललं तेही एकटीनं. विमानतळावरच्या पाट्या वाचत, विचारत, बरोबर दारापाशी जाऊन बसले. पुढच्या विमानात सगळ्यांना एकेक कार्ड भरायला दिलं. शेजारच्या सीटवर हैदराबादची एक मुलगी होती. तिनं माझं कार्ड हिंदीत विचारून विचारून भरलं. "अम्मा, खाने का कुछ है?" मी म्हटलं, नाही. "अनाज, बीज?" मी हसले. म्हटलं, "बेटी, मैं क्या उधर खेत बोने जा रही हूँ?" तीही हसली. तिनं 'नाही'वर खूण केली, मी खाली सही केली, अगदी ठसठशीत. ओटीची पिशवी तेव्हा माझ्या पायाशी होती.

उतरल्यावर सामान घ्यायला उभी राहिले. तिथं एक कुत्रं फिरत होतं, लहानसं, लांब कानांचं, बरोबर एक वर्दीतली बाई. ते सगळ्यांना सोडून माझ्याकडं आलं, पिशवी हुंगली आणि माझ्याजवळ शहाण्यासारखं बसलं. मला वाटलं, किती गुणाचं लेकरू, परक्या देशात पहिली ओळख ह्यानं दाखवली. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकले. ती बाई काहीतरी बोलली आणि तिनं मला हातानं बाजूला बोलावलं.

एका लांब स्टीलच्या टेबलावर माझी बॅग उघडली. हातमोजे घातलेली एक अधिकारी पोरगी, माझ्या लेकीपेक्षाही लहान असेल. तिनं एकेक वस्तू वर धरून पाहिली. बाळासाठी मी जुन्या साड्यांचे मऊ धडपे नेले होते, धुऊन धुऊन विरलेले. आपल्याकडं बाळाला पहिलं अंगावर घालायचं ते जुनंच, नवं टोचतं. पण तिथं त्या लखलखीत उजेडात ते वर धरले, तेव्हा त्यांतून पलीकडची माणसं दिसत होती. वाटलं, ही काय म्हणत असेल, चिंध्या घेऊन आली बाई.

मग तिनं खण सोडला. गहू टेबलावर घरंगळले, टप टप आवाज करत. तिनं कार्ड माझ्यापुढं धरलं, माझ्या सहीवर बोट ठेवलं.

तिनं फोन लावून टेबलावर ठेवला. फोनमधून मराठी आवाज आला, पुण्याकडचा असावा, अगदी स्वच्छ. "आजी, मी दुभाषी बोलतोय. त्या विचारत आहेत की तुम्ही धान्य आणलंय, मग कार्डावर नाही असं का लिहिलंत?"

"ते धान्य न्हाई, वटी हाय."

मग तो म्हणाला, "आजी, ओटी मला कळली. त्यांना कसं सांगू?"

मी सांगू लागले. जाऊ, उंबरा, लेकीचे दिवस, देव. तो इंग्रजीत बोलत होता, ती ऐकत होती आणि गव्हातली हळकुंडं वेगळी करत होती. मग त्याचा आवाज आला, "आजी, त्या म्हणतात की खोटी माहिती दिली तर व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो."

बाहेर लेक उभी होती. पाय सुजलेले, दाराकडं डोळे लावून. ह्या लोकांनी मला परत पाठवलं तर तिच्याजवळ कोण? आणि मी, साठी उलटलेली बाई, त्या पोरीच्या पाया पडायला वाकले. तिच्या बुटांना हात लागला माझा. ती दचकून मागं सरली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. ती हैदराबादची मुलगीही तिथंच होती. तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

फोनवरच्याला काही दिसत नव्हतं. तो हळू म्हणाला, "आजी, त्या म्हणतायत, कृपया उभ्या राहा. असं करू नका."

उभी राहिले. ती आत जाऊन आली. ताकीद दिली, माझं नाव लिहून घेतलं, आणि लेकीकडं जा म्हणाली. गहू, खारका, हळकुंडं, सुपारी सगळं एका पिवळ्या डब्यात गेलं. शेवटी तिनं खण झटकला, नीट चौकोनी घडी केली आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. ती घडी बघून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गाडीत मी सगळं सांगितलं ते लेकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, गावाला पढवत होतीस ना तू?"

"हं."

"माझ्यासाठी होती का वटी?"

"हं."

तिनं डोळे पुसले आणि गाडी एका दुकानापुढं थांबवली. तिथून तांदळाची पिशवी घेतली. घरी मी त्याच खणात तो तांदूळ घालून तिची ओटी भरली, आणि जाऊ फोनवरून बघत होती.

"बाई, हे तर तांदूळ हायत. आपले गहू कुठंयत?"

खोटं बोलायची हिंमत आता राहिली नव्हती. "त्यांनी टाकून दिले. मी सांगितलंच न्हाई म्हणून."

जाऊ फिस्सकन हसली. "म्हंजे आख्ख्या ऑस्ट्रेलियाची वटी भरली की वो तुमी!"

लेक हसली. नातू झाला तेव्हा मी तिच्याजवळ होते, देवाची कृपा. पण मी परत यायच्या आत जावेनं ते वाक्य गावभर पोचवलं होतं.

परवा मास्तरीणबाई लेकाकडं निघाल्या. आठ दिवस आधी आल्या होत्या, घुटमळत. "मेतकूट न्यावं का?" म्हटलं, "न्या. पन कार्डावर हो म्हनून लिहा. ठेवायचं का टाकायचं ते त्यांना ठरवू द्या. आपन ठरवायचं न्हाई." त्यांनी मान हलवली. मी त्या ओसरीतल्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणणार होते, पण त्यांनी मेतकुटाचा वासच माझ्या नाकाशी धरला.

निघताना त्यांच्या अंगणात आम्ही सगळ्या जमलो. जाऊच पुढं झाली, गहू घेऊन. ओटी भरली, कुंकू लावलं, आणि नंतर सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. मास्तरीणबाईंनी गाठ मारली नाही. तसाच पदर पसरून माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"घ्या बाई काढून. माझ्यासाठी तिथं कुत्रं बसायला नको."

अंगण हसून लोटपोट झालं. मी माझा पदर पुढं केला आणि त्यांच्या पदरातले गहू ओंजळी ओंजळीनं माझ्या पदरात घेतले. एकही दाणा राहिला नाही ना, म्हणून त्यांचा पदर बोटांनी चाचपून पाहिला. पायाशी त्यांच्या नव्या चपला दिसत होत्या, आणि मला त्या पोरीचे बूट आठवले. मान वर करायला मला बराच वेळ लागला.